बोकडाने काहीच मान्य केलं नव्हतं

गोन्पाच्या, म्हणजे डोंगरावरच्या बौद्ध मठाच्या, अंगणात रोज दुपारी वाद चाले. उभा असेल त्याने टाळी वाजवून विचारायचं, बसलेल्याने ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ एवढंच म्हणायचं. जे मान्य होईल ते सूर्य मावळायच्या आत अमलात आणायचं, असा तिथला रिवाज.

आचारी नोरफेलला अक्षरओळख पन्नाशीनंतरची. वादाला तो जन्मात प्रथमच उभा राहिला, तोही बोकडासाठी. कसायाकडून सोडवून आणलेल्या या बोकडाने शिस्त बघणाऱ्या लामा पल्दनची पिवळी टोपी झालरीसकट खाल्ली होती. उद्या त्याची रवानगी खालच्या गावात व्हायची होती. तिथे बोकडाचं काय होतं, हे आचाऱ्याला कुणी सांगायला नको.

नोरफेलने टाळी वाजवली. “प्रत्येक जीव कुठल्यातरी जन्मी आपली आई होऊन गेलाय.”

“मान्य.” पल्दन रोज सकाळी हेच शिकवत.

“बोकड हा जीव.”

“माझ्या टोपीच्या मुळावर उठलेला. मान्य.”

“म्हणजे तो आपली आई. आणि आईला कुणी कसायाकडे धाडत नाही.”

पल्दननी दातओठ खाल्ले. “मान्य. आता तुम्ही बसा, आचो.” वयाने मोठ्या नोरफेलला सगळे आचो, थोरला भाऊ, म्हणत. पल्दन स्वतः उठले, टाळी वाजवली. “सूर्यास्तानंतर बाईमाणसाने गोन्पात थांबायचं नाही.”

“मान्य.”

“आई म्हणजे बाईमाणूस.”

“मान्य,” नोरफेल पुटपुटला. फाटकाबाहेर लांडगे फिरत.

“मग आईसाहेबांना संध्याकाळी फाटकाबाहेर सोडा.”

सगळे भिक्षू हसले. नोरफेलने आपले काजळलेले हात गुडघ्यांवर पुसले. मग तो उठला.

“लामाजी, तुम्हीही जीवच ना?”

पल्दन सावकाश खाली बसले. “मान्य.”

“म्हणजे तुम्हीही माझी आई. मी तुमची. आणि हे सगळे एकमेकांच्या. मग सूर्यास्तानंतर आत थांबायचं कुणी?”

पल्दनना तेही मान्य करावं लागलं. सूर्य डोंगराला टेकला, तेव्हा अठ्ठावीस भिक्षू आणि आचारी घोंगड्या पांघरून फाटकाबाहेर उभे होते. बोकड मात्र हलला नाही. त्याने काहीच मान्य केलं नव्हतं. तो चुलीपाशी उबेला बसला होता.

“आचो, तुमचा मुद्दा मागे घ्या,” पल्दन कुडकुडत म्हणाले.

“आधी तुम्ही तुमचा घ्या.”

“घेतला.”

“मग मीही घेतला. म्हणजे आता माझा पहिलाच उरला, कसायाचा.”

“तो मान्य केलाय मी. चला आत.”

पल्दन सर्वांत शेवटी शिरले. उसनी आणलेली टोपी त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर दाबून धरली होती.