गव्हाणीच्या कडेचा योसेफ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी योसेफ आहे. उंचीला हातभर, वजनाला हलका, आणि उजव्या मनगटावर सरसाचा जाड जोड. सध्या माझा मुक्काम चर्चच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्या आणि गुंडाळलेल्या सतरंज्यांच्या मध्ये आहे. इथे बोलायला कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असेलच असे नाही. ख्रिस्ती लोक मानतात, की येशूचा जन्म कुमारी मरियेच्या पोटी, कोणाही पुरुषाशिवाय, देवाच्या पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने झाला. मरियेचे लग्न ज्या सुताराशी ठरले होते, तो योसेफ. तिला दिवस गेल्याचे कळले तेव्हा त्याने गाजावाजा न करता बाजूला व्हायचे ठरवले होते. मग स्वप्नात देवदूताने त्याला सांगितले, घाबरू नकोस, तिला घरी घेऊन ये. तो घेऊन आला. एवढे सगळे झाले, पण शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही.

मला एका म्हाताऱ्या सुताराने कोरले. त्याने आधी मरिया केली, मग बाळ, मग गाय आणि गाढव. मी सर्वांत शेवटी, उरलेल्या तुकड्यातून. छातीपाशी लाकडात गाठ होती, तिथे पटाशी दोनदा बोथट झाली. पण त्याला खरा त्रास झाला तो माझ्या चेहऱ्याचा. मूर्ती रंगवायचे काम त्याच्या बायकोकडे होते. पहिला चेहरा बघून ती म्हणाली, "हा भांडायला निघालाय." त्याने तो तासून काढला आणि दुसरा केला, हसरा. ती म्हणाली, "याला काय झालंय ते कुणी सांगितलेलं दिसत नाही." तिसऱ्या वेळी मात्र ती बराच वेळ बघत राहिली.

"एकटा पडलाय," ती म्हणाली, "पण निघून गेलेला नाही. आता हात लावू नका."

तोच हा चेहरा.

आम्ही चर्चमध्ये आलो. दर वर्षी नाताळाच्या आधी आम्हाला खोक्यातून काढून, येशू जन्मला त्या गव्हाणीचा देखावा म्हणून पेंढ्यावर मांडत. लोक मरियेपुढे फुले ठेवत, बाळाच्या पावलाला ओठ लावत. माझी जागा कडेला, गाढवाच्या शेपटीजवळ. एकदा एका लहान मुलीने आजीला विचारले, "हा कोण गं?" आजीने चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाली, "गुरं राखणारा असेल कुणीतरी." मला वाईट वाटले, पण मी काय बोलणार?

तिथले फादर मात्र मांडणी झाली की माझ्यासमोर उभे राहून म्हणत, "याचे डोळे बघा." तेवढ्या एका वाक्यावर माझे वर्ष निघत असे.

गव्हाणीतले दिवे लावायला एक वायरमन येई. पस्तिशीचा, अबोल माणूस. एका वर्षी दुपारी तो माझ्या मागून तार ओढत होता आणि फादर पेंढा पसरत होते. वायरमन मध्येच थांबला.

"फादर, एक विचारतो. रागावू नका. बापाशिवाय मूल, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. आमच्या धंद्यात तार जोडल्याशिवाय दिवा लागत नाही."

"माझ्याही डोक्यात शिरत नाही," फादर म्हणाले. "मी ते मानतो, ही गोष्ट वेगळी."

"मानायचं तरी कशासाठी?"

फादरांनी हातावरचा पेंढा झटकला. "आपण मूल आपलं कशावरून म्हणतो? माझं रक्त, माझं नाक, माझा वंश. हे मूल असं कुणाच्या कर्तबगारीनं आलेलं नाही. काहीच नव्हतं तेव्हा देवानं जग केलं, तशी ही नवी सुरुवात. आईकडून तो तुझ्यामाझ्यासारखा माणूस आहे, आणि तो मुळात देवाकडून आला याची खूण म्हणजे हा जन्म. आपण त्याला मिळवलं नाही, तो आपल्याला दिला गेला. माणसाच्या बाजूनं फक्त हो म्हणायचं होतं. मरियेनं ते म्हटलं."

"आणि यानं?" वायरमनने माझ्याकडे बोट केले.

"यानं बाळाचं नाव ठेवलं. त्या काळी मुलाला जो नाव देई, तो त्याचा बाप ठरत असे."

 वायरमनने तार जोरात ओढली. ती माझ्या उजव्या हातात अडकली आणि मी ओट्यावरून खाली फरशीवर आदळलो. हात मनगटापासून तुटला. त्याने तो रुमालात गुंडाळला, मला बगलेत धरले आणि म्हणाला, "आठ दिवसांत जोडून आणतो."

त्याचे घर दोन खोल्यांचे. खिडकीशी शिवणयंत्र. त्याची बायको शाळेचे गणवेश शिवत असे. मला यंत्राच्या वरच्या फळीवर ठेवले, त्यामुळे सगळे घर माझ्या नजरेखाली आले. नीटनेटके घर, पण आवाज म्हणून नाही. नवराबायको एकमेकांशी मीठ संपलंय, दूध आणलंय, एवढेच बोलत. लग्नाला अकरा वर्षे झाली होती आणि मूल नव्हते. अनाथालयातल्या एका चार महिन्यांच्या मुलीला घरी आणावे, असे तिच्या मनात होते. त्याच्या मनात नव्हते.

"उद्या दुपारी तिला बघायला बोलावलंय," ती कापड कापता कापता म्हणाली. "अहो, येणार ना?"

"कुणाचं रक्त, कुणाची पोर. उद्या कुणी विचारलं तर काय सांगू?"

"मरियेला काय सगळं कळलं होतं? तिनंही देवदूताला विचारलंच ना, हे कसं होणार म्हणून. पुरतं कळायच्या आधी हो म्हणाली ती."

"मी काही संत नाही."

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली आणि कात्री खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. तो घरी राहिला. त्याने मला फळीवरून काढले, मनगटाला सरस लावला आणि हात जोडून दोन बोटांत दाबून धरला. सरस वाळायला वेळ लागतो. इतका वेळ मला कुणीच कधी धरले नव्हते. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. बाहेर सायकलीची घंटा वाजली, शेजारी कुणीतरी गादी झोडपत होते. त्याचे डोळे भरून आले तेव्हा त्याला ते पुसता आले नाहीत. हात मोकळा नव्हता.

ती परत आली. पर्स खुंटीला अडकवली, हात धुतले. खालच्या खणातून चार झबली काढली. ती तिने कधी शिवली होती ते त्याला माहीत नव्हते. एकेक घडी मोडून ती पुन्हा घालू लागली.

"अनाथालयातल्या बाई म्हणाल्या, दोघंही आल्याशिवाय मूल देता येणार नाही," ती म्हणाली. "मी ही कुणाला तरी देऊन टाकते."

तिने चौथ्या झबल्याची घडी घातली.

"नाव काय तिचं?" त्याने विचारले.

"नाव ठेवलेलं नाही. ज्यांच्या घरी जाईल ते ठेवतील, असं म्हणाल्या."

तो उठला. मला अलगद फळीवर ठेवले आणि म्हणाला, "झबली राहू देत. उद्या मी येतो."

तिसऱ्या दिवशी त्या घरात रडण्याचा आवाज आला, आणि मग त्या घराला शांतता कशी ती आठवेना. नाव त्यानेच ठेवले. कोणते, ते मी सांगणार नाही. ते त्यांच्या घरातले आहे. मला परत चर्चमध्ये न्यायचे तो विसरला. आठाचे अठरा दिवस झाले, तेव्हा फादरच येऊन मला घेऊन गेले, आणि बाळाच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते अठरा दिवस सर्वांत चांगले. पुढे बरीच वर्षे मी गव्हाणीच्या कडेला उभा राहिलो. मग फादर वारले. नव्या माणसांनी नवीन मूर्ती आणल्या, मोठ्या, चकचकीत. आमच्यातली मरिया आणि बाळ इस्पितळातल्या प्रार्थनेच्या खोलीत गेले. तिथला कोनाडा लहान होता. दोघेच मावत होते. मी इथे आलो. पहिल्या वर्षी वाटले, कुणीतरी न्यायला येईल. आता किती वर्षे झाली ते मोजत नाही. भिंतीकडे तोंड करून मला ठेवले होते, त्यामुळे मला ओल्या चुन्याचे पोपडे तेवढे पाठ झाले.

गेल्या महिन्यात दुपारी या खोलीचे दार उघडले. फ्यूज उडाला होता. आत आलेला माणूस म्हातारा असावा, शिडीच्या पायऱ्यांवर त्याची पावले थांबत थांबत वाजत होती. काम झाल्यावर उतरताना तो थांबला, त्याची नजर माझ्या मनगटावर गेली असावी. स्वतःच्या हाताने घातलेला जोड कारागीर कधी विसरत नाही. त्याने मला उचलले, बाहीने चेहरा पुसला आणि मोडक्या खुर्चीवर जपून बसला.

"बायको गेली," तो मला म्हणाला. "तीन वर्षं झाली. मुलगी शिक्षिका आहे. चांगली शिकवते म्हणतात."

त्याने माझ्या मनगटावरच्या जोडावरून अंगठा फिरवला.

"तिला आपल्या जन्मदात्या आईला भेटायचं होतं. मला विचारायला भीत होती. शेवटी मीच पत्ता काढला. आता महिन्यातून एकदा जातो. ती आत जाते, मी बाहेर बाकावर बसतो. त्या दोघींना बोलू द्यावं. आपलं तिथं काय काम?"

मला वाटले, आता तो मला बरोबर नेईल. त्याने नेले नाही. वस्तू चर्चची, आणि तो दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणारा नव्हता. पण जाताना त्याने मला खिडकीकडे तोंड करून ठेवले. आता मला एक झाड दिसते आणि रस्त्याचा तुकडा दिसतो.

मित्रांनो, योसेफाचे पुढे काय झाले ते शुभवर्तमानात कुणी लिहिलेले नाही. मूल मोठे झाले, आणि तो गोष्टीतून केव्हा गेला ते कळतही नाही. लोक जन्माबद्दल वाद घालतात, कसे झाले, कसे होईल. मी लाकूड आहे, मला त्यातले फारसे कळत नाही. एवढेच कळते, की जे मूल आपले म्हणता येणार नव्हते त्याला एका माणसाने हातात घेतले आणि आयुष्यभर खाली ठेवले नाही.

मला इथून बाहेर काढा, असे मी म्हणत नाही. माझ्यावरची धूळ कधी पुसलीत तर बरे वाटेल. पण आधी आपल्या घरात बघा. तुम्हाला सोडायला येणारे, तुम्ही आत गेलात की बाहेर थांबणारे कुणीतरी असेल. पुढच्या वेळी आत शिरण्यापूर्वी मागे वळा, आणि त्यांना म्हणा, "चला ना, तुम्हीही आत चला."