गालापागोस पाहून आलेला लाडवाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा लाडवाचा डबा आहे. माझ्या झाकणाला भोकं आहेत आणि मला राग आलेला आहे. डब्याला कधी राग येतो का, असं तुम्ही विचाराल. माणसाला कधी लाज वाटते का, ते आधी विचारून या. मग आपण बोलू.

माझा जन्म कोल्हापुरात, मीरासाबांच्या दुकानात झाला. पत्रा कापून, ठोकून, सांध्यांना डाख देऊन त्यांनी मला उभं केलं. झाकण असं घट्ट बसवलं की मुंगीनंही हात जोडून परत जावं. मला घेतलं अंबूबाईंनी. त्या साखर कारखान्याचे संचालक हंबीरराव यांच्या पत्नी. सगळे त्यांना अक्का म्हणत. पुढं बरीच वर्षं मी त्यांचे डिंकाचे लाडू सांभाळले. पावणं लाडवांचं कौतुक करायचे, माझं कुणी नाही. त्याचा मला राग नाही.

१९७९ साली संचालक मंडळ ऊस बघायला दक्षिण अमेरिकेला निघालं. याला अभ्यासदौरा म्हणतात. ऊस आपल्या दारातही उभा असतो. पण तो बघायला पासपोर्ट लागत नाही, म्हणून त्यात अभ्यास होत नाही. तिथला ऊस एका सकाळीत बघून झाला. मग मंडळींनी मोठ्या प्रवासी बोटीची तिकिटं काढली आणि अक्कांच्या पिशवीतून मी गालापागोसच्या बेटांवर पोचलो.

ही बेटं समुद्रातल्या ज्वालामुखींनी घडवलेली. गुऱ्हाळात काकवी उतू जाऊन चुलवाणाभोवती थिजावी, तसा काळा खडक लांबवर पसरलेला. तिथले सरडे समुद्रात बुडी मारून शेवाळ खातात आणि वर येऊन नाकातून मीठ शिंकतात. निळ्या पायांचे पक्षी एकेक पाय उचलून मादीला दाखवतात. माणूस जवळ गेला तरी कुणी पळत नाही. बिचाऱ्यांना माणसाचा अनुभव नव्हता.

बेट दाखवायला लुसिया नावाची तिथलीच मुलगी होती. ती इंग्रजीत सांगायची आणि कारखान्याचे सेक्रेटरी वसंतराव ते मराठीत करायचे. "वाट सोडू नका. कशाला हात लावू नका. इथून दगडसुद्धा नेऊ नका." एका भल्यामोठ्या कासवापुढं ती थांबली. वसंतरावांनी तिचं बोलणं खड्या आवाजात सांगितलं, "हे जमिनीवरचं कासव आहे. जपलं तर शंभर वर्षांच्या वर जगतं. खोल पाण्यात टाकलं तर दमून बुडतं." हे मी माझ्या पत्र्यानं ऐकलं आहे.

तोवर हंबीररावांनी कासवाच्या पाठीवर शाल घातली होती आणि पुढ्यात नारळ ठेवला होता. सत्काराशिवाय आमचा दौरा पुरा होत नाही. सत्कारमूर्तीनं मान आत ओढून घेतली. आमच्याकडचे सत्कारमूर्ती ती बाहेर काढतात, एवढाच फरक. लुसिया शाल काढायला धावली, सगळे हसत सुटले, आणि त्या गडबडीत हंबीरराव झुडपामागं जाऊन आले.

संध्याकाळी बोटीवरच्या खोलीत त्यांनी कोटाच्या खिशातून मुठीएवढं कासवाचं पिल्लू काढलं.

"आवं, ह्ये काय आणलंसा?" अक्का उठून उभ्या राहिल्या. "ती पोरगी काय सांगत हुती?"

"तिला सांगायचा पगार हाय. येवढी कासवं हाईत, एक गेलं तर कोण हजेरी घ्यायला बसलंय?"

त्यांनी माझ्यातले लाडू पलंगावर ओतले. कुठूनसा खिळा आणला आणि पायातल्या कोल्हापुरी चपलेच्या टाचेनं माझ्या झाकणात ठोकला. पुन्हा पुन्हा ठोकला. मग पिल्लू आत ठेवलं. परतीच्या सगळ्या वाटेवर त्याची नखं माझ्या पत्र्यावर वाजत होती. मित्रांनो, लाडू कधी बाहेर यायला धडपडत नाहीत.

मुंबईत तपासणीच्या साहेबानं विचारलं, "डब्यात काय?"

"देवाचा प्रसाद," हंबीरराव म्हणाले. साहेबानं मला नमस्कार केला.

कोल्हापुरात पिल्लू बघायला रीघ लागली. कुणी हळद वाहिली, कुणी कुंकू. अक्का ते पुसून काढायच्या आणि त्याला मेथीची पानं भरवायच्या. परातीत पाणी घालून ठेवलं की ते लगबगीनं काठावर चढायचं. अक्कांनी ते नीट बघून ठेवलं.

तेवढ्यात कारखान्याची निवडणूक आली. हंबीररावांनी जाहीर केलं, की कूर्मावतार वाजतगाजत रंकाळ्यात सोडायचा.

"आवं, ते पाण्यातलं न्हाय!" अक्का म्हणाल्या. "परातीतनं सुदीक जीव घेऊन पळतंय."

"समुद्रमंथनात कासव कुठं हुतं? माडीवर हुतं व्हय? पाण्यातच की!"

अक्का वसंतरावांकडं वळल्या. "तुमीच सांगितलंसा बेटावर. सांगा की ह्यास्नी!"

वसंतराव छताकडं बघत म्हणाले, "अक्का, साहेबांनी ठरवलंय म्हणजे काहीतरी विचार असेलच."

मला हंबीररावांचा राग आहेच. पण वसंतरावांचा जास्त आहे. हंबीररावांनी ऐकलं नव्हतं. यांनी ऐकून, समजून, भाषांतर केलं होतं.

सोडायच्या दिवशी पिल्लाला पुन्हा माझ्यात ठेवलं, तेव्हा अक्का मला पोटाशी धरून उंबऱ्यात बसल्या. दारात बँडवाले ताटकळले. शेवटी हंबीररावांनी मला हिसकावून घेतलं. रंकाळ्याच्या काठावर गुलाल उधळला, वसंतरावांनी 'जलराज स्वगृही निघाले' असं भाषण केलं, आणि झाकण उघडायची वेळ आली. मी उघडलो नाही. मीरासाबांनी दिलेली सगळी ताकद लावून झाकण धरून ठेवलं. लोक हसू लागले. तेव्हा बँडवाल्यानं ढोलाची काठी फटीत घालून मला उचकटलं.

पिल्लानं पाण्यात चारही पाय मारले.

"आरं, पवतंय बघ! कसं झ्याक पवतंय!" टाळ्या पडल्या.

मग ते खाली गेलं. लोक म्हणाले, घरी गेलं. आणि हात जोडले.

हंबीरराव निवडून आले. अजून ते पावण्यांना रंकाळ्यावर नेतात आणि पाण्यात कुठलंही डोकं दिसलं की म्हणतात, "त्ये बघा, आमचंच."

पुढं अक्का मला मीरासाबांकडं घेऊन गेल्या. उचकटलेलं झाकण नीट बसत नव्हतं. त्यांनी कड सरळ केली. "अक्का, भोकंबी बुजवतो की. नवा दिसंल डबा."

"नगं, मीरासाब. येवढी ऱ्हाऊ द्या. पावण्यांनी इचारलं तर मला सांगाय येईल."

तेव्हापासून मी बैठकीच्या खोलीत, हंबीररावांच्या सत्काराच्या फोटोखाली रिकामा बसतो. पावणं विचारतात. हंबीरराव खाकरतात. अक्का पहिल्यापासून सांगतात.

मित्रांनो, दूरची बेटं जरूर बघा. बोटीत बसा, सरड्यांचं शिंकणं ऐका, लाडू खा. पण येताना डबा रिकामा आणा. माझ्या झाकणातून अजून छान वारा येतो, आणि आत कुणी नाही.