दोन खांब, दोन काचा

देव्हाऱ्याच्या खांबाला तडा गेलाय, एवढं एकच वाक्य मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलले, आणि तेव्हापासून निम्म्या इमारतीने मला जिन्यात हसून विचारणं बंद केलं.

देव्हारा म्हणजे गोखिवऱ्यातल्या आमच्या चार मजली इमारतीखाली, गेटजवळच्या खांबाला टेकून बांधलेलं टाइल्सचं छोटंसं देऊळ. आत गणपती, शेजारी देवीची तसबीर. खालचा मजला पार्किंगचा, त्यामुळे तिथे भिंती नाहीत, नुसते खांब. त्या खांबावर, देव्हाऱ्याच्या जरा वर, केसाएवढी रेघ होती. गणपतीत ती दिसली तेव्हा मी कानाडोळा केला. पुढे ती बोटभर वर चढली, निदान मला तसं वाटलं.

आमच्या यजमानांच्या, आत्मारामांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. दुसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत ते पडून असायचे. वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाऊन आले तरी घामाघूम व्हायचे. इमारतीचा एक खांब बसला तर ती पुढचे फ्लॅट कुठले आणि मागचे कुठले हे बघत नाही. पळायची वेळ आली तर हा माणूस जिना उतरणार कसा? भाजी निवडताना, दूध तापवताना, अंघोळीला बसले तरी माझ्या डोक्यात तेच.

आमचा सेक्रेटरी जितेंद्र राऊत मूळचा गास गावचा. घरची भाजीची वाडी भाऊ बघतो, ह्याचं इथे हार्डवेअरचं दुकान. आमच्या डोक्यावरच, तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी शाळेत विज्ञान शिकवायचे म्हणून सगळी इमारत मला बाई म्हणते, तसा तोही म्हणतो. अडीअडचणीला धावून येणारा माणूस आहे, पण त्या दिवशी ऐकायलाच तयार नाही.

"बाई, इंजिनिअर आनला तर तो पहिलं काय करनार? टाइल्स फोडनार. मूर्ती हलवनार. ते पाप मी नाय घेनार डोक्यावर."

"मग तडा तसाच ठेवायचा?"

"रंगाचा तडा आहे तो. पावसात पानी मुरलं, नंतर सुकलं, रंग फुटला. माझ्या दुकानात अशे तडे सांगत रोज मानसं येतात. पुट्टी घेतात न जातात."

वसुंधरा पाटणकर पहिल्या मजल्यावर राहते, नेमकी त्या खांबाच्या वर. देव्हाऱ्याची झाडलोट, फुलं, दिवाबत्ती सगळं तीच बघते. ती म्हणाली, "बाई, तुमचा फ्लॅट मागच्या बाजूला. आम्ही खांबावर राहतो तरी आम्हाला भीती नाही, मग तुम्हालाच काय एवढं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, बोलून हे ऐकायचे नाहीत, डोळ्यांनी दाखवते.

आमच्या शाळेची भिंत एकदा तडकली होती, तेव्हा आलेल्या इंजिनिअरने तड्यावर काचेचा तुकडा आडवा चिकटवलेला मी पाहिला होता. तडा नुसता रंगाचा असेल तर काचेला काही होत नाही. आतून खांब हलत असेल तर काच मोडते, कारण काचेला ताणलं जाणं ठाऊक नाही. माझ्याकडे सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्यांचा एक डबा उरलेला होता. नवरात्रात, तिसऱ्या माळेला, मी एम-सील मळून एक काचपट्टी त्या रेघेवर आडवी बसवली.

पाचव्या माळेला ती तडकली.

मी अख्खी इमारत खाली बोलावली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. जितेंद्रने वाकून काच पाहिली, मग तिच्या खाली पाहिलं.

"बाई, दिवा कुठे आहे?"

दिवा बरोबर काचेच्या खाली होता. नवरात्रात आमच्याकडे देव्हाऱ्यात अखंड दिवा असतो, आणि त्यात तेल घालायची पाळी एकेका घरावर येते. आदल्या दिवशी आमची पाळी होती. मीच तेल घातलं होतं, आणि वाऱ्याने विझू नये म्हणून वात मीच मोठी केली होती.

"धगीने तडकली," जितेंद्र म्हणाला. "आमच्या दुकानात पन कंदिलाच्या काचा अश्याच जातात."

"आयुष्यभर विज्ञान शिकवलंय मी. धग म्हणजे काय ते मला नका सांगू," असं काहीतरी बोलून मी वर आले. मागून कुणीतरी हसलं.

आत्मारामांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कशाला नाक खुपसतेस? आणि खरं सांगू का, त्याचं बरोबर वाटतंय मला."

संध्याकाळभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्यापुढे ताट आदळलं. पण आडवी पडल्यावर राग उतरला आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली. दिव्याच्या धगीजवळ काच ठेवून निष्कर्ष काढणाऱ्या पोराला मी वर्गात उभं केलं असतं. पण जितेंद्रचं म्हणणं खरं मानलं तरी त्यातून खांब चांगला आहे हे कुठे सिद्ध होत होतं? त्यातून एवढंच कळत होतं की मला अजून काहीच ठाऊक नाही. आणि ठाऊक नसताना शेजारी हा माणूस घोरत पडला होता.

दसरा झाल्यावर मी स्वतः वर जाऊन जितेंद्रची बेल वाजवली.

"तुमचं बरोबर होतं. माझी काच दिव्याने फुटली असणार."

तो भांडायच्या तयारीत दारात आला होता. गडबडला. "अहो बाई, बसा ना. रीमा, चहा टाक गो."

"चहा नको. मला एक सांगा, काय दिसलं तर तुम्ही इंजिनिअर बोलवाल? आधी सांगा, नंतर नाही."

त्याने डोकं खाजवलं. "दिवा लांब ठेवून काच फुटली तर. पन बाई, तुम्ही पन सांगा. काय दिसलं तर तुम्ही हा विषय सोडाल?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता, आणि आवडलाही नाही. पण त्याचा हक्क होता. "दिवाळीपर्यंत काच टिकली तर पुन्हा नाव काढणार नाही," मी म्हटलं. "आणि दुसरी काच एका चांगल्या खांबावर लावू. म्हणजे उद्या एम-सील खराब होतं, हवा दमट होती, असं कुणी म्हणायला नको. चांगला खांब तुम्हीच निवडा."

त्याने त्याच्या गाडीमागचा खांब निवडला. मागच्या बाजूचा, म्हणजे आमच्या आणि त्याच्या घराखालचा. गणपतीआधीच त्याने त्याला नवीन प्लास्टर आणि रंग दिला होता. "आख्ख्या बिल्डिंगमधला तगडा खांब," तो कौतुकाने म्हणाला. कुणाचा धक्का लागू नये म्हणून त्याने स्वतः विटा रचल्या, दोरी बांधली. वसुंधरा बरेच आढेवेढे घेऊन संध्याकाळचा दिवा तुळशीपाशी लावायला तयार झाली. देव्हाऱ्याच्या रेघेवरही मी नवी काच बसवली.

तीन गोष्टी ठरल्या. दोन्ही काचा फुटल्या तर एम-सीलचा दोष. दोन्ही टिकल्या तर मी गप्प. फक्त देव्हाऱ्याची फुटली तर इंजिनिअर. चौथी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या मनातच आली नाही.

रोज सकाळी दुधाची पिशवी घ्यायच्या निमित्ताने मी टॉर्च घेऊन खाली जायचे. देव्हाऱ्याची काच रोज जशीच्या तशी. आणि मला, सांगायला लाज वाटते, ती फुटावी असं वाटायला लागलं होतं. म्हणजे मी बरोबर ठरावी म्हणून इमारत कोसळायला आलेली असावी, असं मी मागत होते! तेही देवासमोर उभी राहून. हे लक्षात आलं त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

दिवाळी अगदी तोंडावर आली. घराघरांतून भाजणीचा वास येत होता. सकाळी देव्हाऱ्याची काच पाहिली. शाबूत. हरले, पण जीव भांड्यात पडला. रंगाचाच तडा होता. जितेंद्रला सांगून टाकावं आणि चकल्या करायला घ्याव्यात, असा विचार करत, केवळ शिस्त म्हणून, मी मागच्या खांबाकडे गेले.

दोरी तशीच होती. विटा तशाच होत्या. काच मधोमध मोडली होती.

मी तिथेच उभी राहिले. आजूबाजूला कुणी नव्हतं. उचकटून ती काच नेली असती तर कुणाला काही कळलं नसतं. ठरल्याप्रमाणे मी हरले होते, आणि हरलेल्या बाईने पुन्हा तोंड उघडलं तर लोक काय म्हणतील ते मला दिसत होतं. वर आत्माराम झोपले होते, नेमके ह्याच खांबावर.

जितेंद्र गाडी काढायला आला. मी काचेवर टॉर्च धरला.

"कुनाची तरी स्कूटर लागली असेल," तो म्हणाला.

"तुमच्या विटा जागेवर आहेत."

"मग काच खराब असेल. एका काचेचं काय सांगता येतंय?"

मला रडू आलं असतं, पण ह्यातही तो बरोबर होता. एका काचेवरून काही सांगता येत नाही. "दुसरी लावू," मी म्हटलं. "दोघं मिळून लावू. तुम्ही एम-सील मळा."

त्याने मळलं. मी काच डब्यातून काढून उजेडात धरली, दोघांनी तिला कुठे चरा नाही ना ते पाहिलं, आणि खांबाच्या दुसऱ्या अंगाला बसवली. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. आत्मारामांना हॉलमधल्या दिवाणावर झोपवलं. खोलीत गरम होतं म्हणाले मी. त्या दिवाणाने त्यांना काय वाचवणार होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तर जितेंद्र आधीच तिथे, बनियनवर. काच मोडलेली. त्याने बोटाच्या पेराने खांबावर टकटक केलं. वर भरीव आवाज आला. खाली, नव्या प्लास्टरवर, पोकळ. त्याने किल्लीने जरासं खरवडलं तर पोळीएवढा पोपडा सुटून पायावर पडला. आत गंजून फुगलेली सळई होती आणि तिच्या बाजूने तडा. त्यात किल्लीचं टोक गेलं.

"ठरल्याप्रमाणे तुम्ही हरलात, बाई," तो म्हणाला. "देवाचा खांब चांगला आहे."

"हरले. आता फोन करा."

इंजिनिअर दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. काय काय दिसतंय ते जितेंद्रने त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आजची रात्र शक्यतो कुणी राहू नका. जितेंद्रने घरोघर जाऊन निरोप दिला. गणपतीआधी आपणच, रंगाचा तडा समजून, त्या खांबावर प्लास्टर चढवून तो झाकला, हेही त्याने प्रत्येक दारात सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. काही घरं लगेच उठली. काहींनी दार लावून घेतलं. एकजण म्हणाला, आधी देवाचा खांब वाईट होता, आता मागचा, उद्या बाईंना गच्ची वाईट दिसेल.

आमची लेक क्षितिजा जवळच एव्हरशाईन सिटीत राहते. जावई रिक्षा घेऊन खाली उभे होते. मी आत्मारामांना उठवलं.

"नक्की पडणार आहे का ही इमारत?" त्यांनी विचारलं.

"नक्की नाही माहीत."

"उद्या तो इंजिनिअर म्हणाला, काही झालेलं नाही, तर?"

"तर परत येऊ. सगळे हसतील."

"आणि तू?"

"मी सगळ्यांत मोठ्याने हसेन. उठा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वॉकर सोडला, माझ्या खांद्यावर हात टाकला. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. प्रत्येक पायरीला मी कान देत होते, कुठे काही वाजतंय का. मागून जितेंद्र आणि रीमा पिशव्या घेऊन उतरत होते, गासला जायला, पण पुढे जा म्हटलं तरी जाईनात.

पहिल्या मजल्यावर वसुंधरा उघड्या दारात उभी होती. हाताला बेसन.

"आमच्या खांबाची काच तर शाबूत आहे ना, बाई? मग आमचं काय?"

मला हो म्हणता आलं असतं. तिला ते किती हवं होतं ते दिसत होतं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्या तोंडाकडे बघून बोलत होती.

"तुमचा खांब चांगला आहे. त्याबद्दल मी चुकले," मी म्हटलं. "पण मागचा बसला तर तो एकटा बसणार नाही, वसुंधरा."

"म्हणजे नक्की पडणार?"

"नक्की मला माहीत नाही. माहीत असतं तर इतके दिवस थांबले असते का मी? माहीत नाही, म्हणूनच ह्यांना घेऊन निघालेय."

ती आत गेली, दार लोटलं. मी आत्मारामांचा हात पुन्हा खांद्यावर घेतला. आम्ही दोन पायऱ्या उतरलो असू, तेवढ्यात वरून तिचा आवाज आला.

"थांबा हो बाई. गॅस बंद करून येते."