लाल चांदणी थांबली तेव्हा

मी एक जुना पाण्याचा मीटर आहे. मित्रांनो, तुमच्या घरी असतो तो वाटीएवढा नव्हे. मी चांगला घमेल्याएवढा, बिडाच्या अंगाचा आणि पितळी पात्यांचा. चढावरच्या वस्तीला जाणाऱ्या मोठ्या पाइपच्या तोंडाशी, जमिनीखालच्या चेंबरमध्ये माझा मुक्काम. वस्तीत पोहोचणारा प्रत्येक थेंब आधी माझ्या पोटातून जातो आणि मग कोणाच्या तरी बादलीत पडतो. हे मी जरा मान ताठ करून सांगतो आहे, तेवढं चालवून घ्या.

माझ्या काचेखाली, आकड्यांच्या शेजारी, नखाएवढी एक लाल चांदणी आहे. पाण्याची बारीक धार गेली तरी ती फिरते. कारखान्यात ती बसवणाऱ्या कारागीर बाईंनी तिच्यावर हलकीच फुंकर मारून पाहिली आणि शेजारणीला म्हटलं, "हा काही खोटं बोलायचा नाही." ते वाक्य मी जन्मभर पदकासारखं मिरवलं.

आमच्याकडे पाऊस म्हणजे घाईतला पाहुणा. उशिरा येतो आणि बूड टेकायच्या आत निघतो. अशा ठिकाणी पाणी मोजणाऱ्याला केवढा मान असायला हवा! पण कसचं काय. चेंबरमध्ये चिखल साचला, काचेवर शेवाळ धरलं आणि माझ्या झाकणावर एका भंगारवाल्याची हातगाडी घरजावयासारखी येऊन बसली. किती पाणी सोडलं, असं वरून कोणी विचारलं की पाणीखात्यातले लोक पंप किती वेळ चालला त्यावरून ठोकून देत. चढाच्या टोकाला पाणी का चढत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "लोक फार वापरतात." मला अंधारात हसू यायचं. गंजक्या पाइपमधून जमिनीत मुरणारं पाणी कोण वापरत होतं? मुंग्या?

मग एके दिवशी हातगाडी सरकली, झाकण उघडलं आणि ऊन आत आलं. वाकून पाहणाऱ्या होत्या नव्या इंजिनिअर बाई. चढाच्या टोकाच्या घरात त्यांची आत्या राहायची. आईमागे तिनेच त्यांना वाढवलेलं. बाईंचं लहानपण त्याच घरात, भरल्या बादलीची वाट बघण्यात गेलं होतं. त्यांच्यासोबत फिटर होता. त्याच्या हातातला पाना कधी सुटत नसे, म्हणून सगळे त्याला पानेकाका म्हणत. जेवायलाही हा पानाच घेऊन बसेल, असं त्याची बायको म्हणायची.

दोघांनी मला खरवडून, पुसून लख्ख केलं. मग बँकेचे साहेब आले. पाइप बदलायला खात्याकडे पैसे नव्हते, कर्ज हवं होतं.

"गळती आहे असं सगळेच म्हणतात," साहेब म्हणाले. "मला डोळ्यांनी बघू द्या."

वस्तीत भोंगा फिरला: दुपारी तासभर सगळ्यांनी नळ बंद ठेवा. मोठा व्हॉल्व्ह उघडला आणि माझी चांदणी भोवऱ्यासारखी सुटली.

"सगळे नळ बंद आहेत ना? मग एवढं पाणी जातंय कुठे?"

"ते मातीत जाऊ नये म्हणून तर तुमच्याकडे आलोय साहेब," पानेकाका म्हणाला.

ठरलं ते असं. आधी एकट्या आमच्या वस्तीपुरते पैसे मिळतील. पाइप बदलले की पुन्हा हीच परीक्षा. चांदणी थांबली, तर उरलेल्या सगळ्या गावासाठी कर्ज. वाचलेलं पाणी विकून आणि पंपाची वीज वाचवून ते फेडायचं. चांदणी थांबली नाही, तर बाकीच्या गावाला हरी हरी. आणि किती वाचलं हे सांगणार कोण? मी. मित्रांनो, ज्याच्या साक्षीवर बँक पैसे देते असा मीटर तुम्ही पाहिला आहे का?

पाइप बदलले. परीक्षेचा दिवस आला. साहेब बादली पालथी घालून माझ्याशेजारी बसले. व्हॉल्व्ह उघडला.

चांदणी फिरत होती. हळू, पण फिरत होती.

"पाइप नवेच आहेत ना?" साहेबांनी विचारलं.

"नवेच आहेत."

"मग?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात पाण्याबरोबर वाळूचा एक खडा माझ्या पात्यापाशी आला. त्याला नुसतं अडकवून ठेवलं असतं, तर चांदणी थांबली असती, बाई हसल्या असत्या, कोणाला काही कळलं नसतं. मोह झाला, का नाही होणार? पण मला ती फुंकर आठवली. मी खडा पुढे जाऊ दिला.

साहेब उठायच्या बेतात होते, तेवढ्यात चढावरून आत्याबाई उतरताना दिसल्या. चपला हातात, पाय घोट्यापर्यंत ओले.

"अगं ए, तुझं पाणी माझ्या स्वयंपाकघरात शिरलंय!"

"आत्या, नळ बंद ठेवायला सांगितलं होतं ना सगळ्यांना?"

"ज्या नळाला दुपारी कधी थेंब आला नाही, तो बंद काय करायचा? उघडाच असतो तो. आलं तर आवाजाने कळतं."

पाण्याची वाट पाहणाऱ्या घरांत नळ असेच उघडे असतात, खाली बादली ठेवून.

"मग आता तरी बंद केलास का?"

"वेडी का तू? मोठं पिंप लावून आलेय. इतक्या वर्षांनी आलंय, परत पाठवू?" मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बँकवाले ना? चला वर, बघा. फरशी पुसायला एक माणूस कमीच आहे."

साहेब खरोखर गेले, पुढे पानेकाका आणि मागे ते. बाई माझ्यापाशी थांबल्या. काचेवर त्यांची सावली पडली होती आणि ती हलत नव्हती.

चांदणी मंदावली, मग अडखळली आणि थांबली.

साहेब परत आले ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. त्यांनी काचेवर टिचकी मारली. "अडकला तर नाही हा?"

पानेकाकाने माझ्या पुढची बारीक तोटी उघडली. चांदणी फिरली. बंद केली. थांबली.

"द्या कागद, सही करतो," साहेब म्हणाले.

आज गावातल्या प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी माझं एकेक धाकटं भावंड बसलं आहे. मीच त्यांच्यात थोरला. फिरणं हे माझं काम. पण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मी थांबून केली.

तेव्हा मित्रांनो, माझ्या झाकणावर गाड्या लावू नका. आपल्या घरातल्या मीटरकडेही कधी वाकून पाहा. सगळे नळ बंद असूनही त्याची चांदणी फिरत असेल, तर कुठेतरी कोणाची तरी बादली रिकामी राहते आहे. लगेच घरातल्या मोठ्यांना सांगा. आणि माझी चांदणी थांबलेली दिसली, तर टिचकी मारू नका. मी बंद पडलेलो नाही. मी कामावर आहे.