संत आन्नाचे हात

माझी आई तेस्सा, रंगाऱ्याची विधवा. अर्नो नदीकाठच्या आमच्या गल्लीत तिनं चाळीस वर्षं लोकर रंगवली. हात कोपरापर्यंत निळे, पेरं सुजून गाठी झालेली.

रंगाऱ्यांच्या संघानं चर्चसाठी संत आन्नाच्या, म्हणजे येशूच्या आजीच्या, चित्राचं काम माझ्याकडे दिलं, तेव्हा मी आईलाच समोर बसवलं. नऊ रविवार ती मांडीवर हात ठेवून बसली. "हात तेवढे नीट काढ हं, बाच्चो," म्हणायची. "तोंड काय, कुठल्याही म्हातारीचं चालेल."

पण फ्लॉरेन्समध्ये तेव्हा चित्रकाराची पत ढबीवर ठरायची. मान हंसासारखी, अंग वेलीसारखं वळलेलं, बोटं निमुळती, लांबच लांब. दिसेल ते काढणारा अडाणी. मी पांढरेशुभ्र, बिनगाठींचे हात काढले.

चर्चमध्ये चित्रावरचा पडदा निघाला त्या दिवशी आई शेजारणींना घेऊन पुढे उभी होती. "ते बघा, माझे हात!"

लापा खो खो हसली. "अगं तेस्सा, ही तर सरदाराच्या सुनेची बोटं! तुझे हात कुठं सांडलेस?"

सगळ्याजणी हसल्या. आईनंही हसल्यासारखं केलं आणि हळूच दोन्ही हात शालीखाली घेतले. मी दहा पावलांवर होतो. संघाचा प्रमुख माझी पाठ थोपटत होता. मी त्याच्याकडे बघून हसलो.

दुसऱ्या दिवशी त्याला गाठलं. "हात पुन्हा रंगवतो, फुकट."

"वेड लागलंय का? गावभर त्या हातांचंच कौतुक चाललंय. कुंचला लावलास तर याद राख!"

महिन्याभरात दोन मठांनी तसलेच हात मागितले. मी दोन्ही कामं घेतली.

आईला यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं, की तिचे हात मला चित्रात शोभणारे वाटले नव्हते. तिनंही विचारलं नाही. फक्त दुखरे गुडघे घेऊन ती पूल ओलांडून पलीकडच्या चर्चमध्ये जाऊ लागली.

एका रविवारी मीही तिथं गेलो, तिच्यामागे दोन रांगा सोडून उभा राहिलो. बाहेर पडताना तिनं पाहिलं.

"उपाशीच आलास ना? चल, वाल शिजवलेत."

वाटभर ती लापाच्या सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलत होती. मी हं हं करत होतो. 'आई, चुकलो' हे दोन शब्द पुलाच्या एका टोकाला ओठांवर आले, दुसऱ्या टोकाला मी ते गिळले.