गाळलेले ठोके

बाबांना माझं काम कधी पटलं नाही. तैवानमधल्या शिन्चू शहरातल्या आमच्या गल्लीत पन्नास वर्षं ते लोकांच्या मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघत आले, आणि त्यांची मुलगी तेच मनगट संगणकात आकड्यांनी बांधत बसलेली. तळाशी हाड, त्यावर रक्तवाहिनी, आत वाहणारं रक्त, वर कातडी, कातडीवर दाब मोजणारी चकती. रक्ताचा धक्का वर येईपर्यंत किती उरतो, चकतीत त्याची किती वीज होते, हे सगळं गणित एकदम सोडवायचं. प्रयोगशाळेत मी लागले चहा आणि फायली सांभाळायला. बाकीचं इतरांच्या खांद्यावरून बघून शिकले.

हिवाळ्यात ते मनगट खऱ्या मनगटाशी ताडून बघायचं ठरलं. बाबांनी हात पुढे केला.

"तुझ्या यंत्राला बोटं किती?"

"एक चकती आहे, बाबा."

"म्हणजे थोटंच की!"

पडद्यावर रेघ उमटली. चार-पाच ठोके सुरेख, मग एक घाईत, एक रेंगाळत, कशाचा कशाला मेळ नाही.

"बाबा, हात हलवू नका."

"मी हललो नाही."

"हललात. इथं दिसतंय."

"आ-लुआन, पन्नास वर्षं मी लोकांना हलू नका म्हणून सांगतोय. तू मला शिकवतेस?"

आमच्या गणितात प्रत्येक ठोका आधीच्यासारखाच धरलेला असतो. नाहीतर ते सुटायला आठवडे लागतात. म्हणून न जुळणारे ठोके मी लाल केले, 'हात हलला' असा शेरा मारून गाळले आणि उरलेल्यांची सरासरी काढली. संगणकात बांधलेली नाडी बाबांच्या नाडीशी इतकी जुळली, की प्रयोगशाळेच्या प्राध्यापकांनी सगळ्यांना अननसाचे केक वाटले. बाबांसाठी मी दोन घरी नेले.

पाच आठवड्यांनी औषधाच्या पुड्या बांधता बांधता बाबा कोसळले. मेंदूत रक्ताची गुठळी. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हृदयाचे ठोके कधीपासून अनियमित होते?"

"आम्हाला कुठं माहीत," आई म्हणाली.

मी रुग्णालयाच्या अर्जात बाबांचं वय लिहीत राहिले.

माणूस गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी आमच्यात शेवटचा विधी असतो; बाबांच्या त्या विधीच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी त्यांच्या फोटोपुढे, विधीत जाळायची कागदी कमळं घडवत बसलो होतो.

"त्यांची नाडी तुझ्याकडे आहे म्हणे," आई म्हणाली. "दाखव की."

गुळगुळीत रेघ दाखवता आली असती. सगळ्यांना तीच तर दाखवते. बोट तिच्यावर गेलंही होतं. मी लॅपटॉपवर मूळची रेघ उघडली.

आईनंही जन्म बाबांच्या शेजारी औषधं तोलण्यात काढलेला. चष्मा सावरून ती रेघेवर बोट फिरवत गेली आणि थांबली.

"हे लाल काय गं?"

"मी गाळलेले ठोके. मला वाटलं, बाबा हलले."

"ते काय म्हणाले?"

"हललो नाही म्हणाले."

आईनं लॅपटॉप मिटला. मग तिनं पुढचं कमळ घडवायला घेतलं. तिच्या हातातल्या कमळाची एक पाकळी फाटली; तिनं ते तसंच ढिगात ठेवलं. शेवटी बाही वर सारून हात माझ्यापुढे धरला.

"उद्याचं आटोपलं, की यंत्र घेऊन ये. आणि मी हलले नाही म्हटलं, तर नाही हलले."

"बरं, आई."

तिचा हात थरथरत होता. दोघींनाही ते दिसत होतं.