मुरबाडची ओळ

सही करून स्वस्थ बसणं शीतलच्या नशिबातच नव्हतं. शहापूरच्या गोडाऊनमधून निघून ती स्टँडवर आली, कसाऱ्याच्या एस.टी.त खिडकीची जागाही मिळाली, तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. काहीतरी राहिलंय, एवढंच कळत होतं.

आता राहणार काय? कंपनीचं गोडाऊन शहापुरात, कारखाना मुरबाडला. दोघांचं बोलणं इतकी वर्षं कल्याणच्या ऑफिसातून फिरून चालायचं, म्हणजे शेजारणीला हाक मारायला अख्ख्या गावाला वळसा! आता सरळ लाइन आली होती आणि दोन्हीकडे एकेक स्विच. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी जिथं येऊन मिळतात ती चपटी पेटी. कुठला निरोप कुठल्या वाटेनं धाडायचा, याचा तक्ता तिच्या पोटात असतो. सकाळी मुरबाडला आणि दुपारी शहापूरला शीतलनं त्या तक्त्यात नवी वाट घातली. तक्ता स्क्रीनवर काढून ओळ न् ओळ ताडून पाहिली. शहापूरहून मुरबाडला हाक घातली, उत्तर आलं. मग दोन्ही तक्ते छापून, सही करून कल्याणला फॅक्स केले. त्या सहीच्या भरवशावर कल्याणचे साहेब वाल्मिक सर पाच वाजता जुनी लाइन तोडणार होते, आणि सोमवारी तिला नोकरीत कायम केल्याची ऑर्डर देणार होते. त्या कागदासाठी ती दीड वर्ष झुरत होती.

दोन वाजले आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याचा पंखा फिरता फिरता थांबला. भारनियमन. दोन ते सहा, रोजचंच. स्विचला आणि कॉम्प्युटरला बॅटरी जोडलेली होती, तरी शीतलला राहवेना. कंडक्टरनं घंटी मारायच्या आत ती खाली उतरली.

गोडाऊनमध्ये कोंडूकाका, तिथले जुने शिपाई, निवांत भाकरी खात बसले होते. कोपऱ्यातल्या पेटीवरचे दिवे विझलेले.

"काका, ह्ये कोनी बंद केलं?"

"मीच की! लाइट जायच्या आधी रोज समदं बंद करतो. जाताना झटका मारते ना ती. मागं पान्याची मोटर जळली तवापासून माझा नेमच हाय. बॅटरीबी बंद केली, उगा कशाला उतरवायची?" काकांच्या तोंडावर शाबासकीची आस दिसत होती. "मुरबाडच्या भिमा शिपायालाबी मीच शिकवलंय गो. त्याचाबी दोनचाच टाइम हाय."

शीतलनं बॅटरी लावली, तक्ता काढला. मुरबाडची ओळ नव्हती. घातलेली वाट सेव्ह केली नाही तर पेटी बंद होताच पुसली जाते, हे तिला पाठ होतं. ताडून पाहण्याच्या घाईत नेमकं तेवढंच राहिलं होतं, दोन्हीकडे. तिनं ओळ पुन्हा घातली, सेव्ह केली, मुरबाडला हाक घातली. उत्तर नाही. भिमानं तिथली पेटी बंद केलेली. सहाला तो ती चालू करेल तेव्हा तिच्याही पोटात शहापूरची ओळ नसेल, आणि तोवर जुनी लाइन तुटलेली असेल.

तिला स्वतःचा राग आला, मग काकांचा, मग पुन्हा स्वतःचा. गप्प बसलं तर? सगळं लाइटीवर ढकलता येईल, कोण बघायला येतंय! फोनपाशी जाऊन ती दोनदा मागं फिरली. तिसऱ्यांदा नंबर लावला.

"सर, शीतल बोलतेय. जुनी लाइन तोडू नका. मी पाठवलेले तक्ते आता खरे नाहीत." काय झालं ते तिनं एका दमात सांगून टाकलं, काकांचं नाव सोडून.

"पेट्या बंद कोणी केल्या?"

कोंडूकाकांचा घास हातातच राहिला.

"मी सेव्ह केलं नव्हतं, सर."

"ते विचारलं नाही मी."

"पण झालं ते त्यामुळंच."

"लाइन राहू दे. उद्या मुरबाड गाठ. आणि ऑर्डरचं आता तीन महिन्यांनी बघू."

तीन महिने! फोन ठेवताना शीतलला रडू कोसळलं, आणि तिनं ते लपवलंही नाही.

"काय म्हनलं गो साहेब?" काकांनी हळूच विचारलं. "माझ्यावर भडकलं?"

शीतलनं ओढणीनं नाक पुसलं.

"नाय. म्हनले, ह्याच्यापुढं बंद करायच्या आधी शीतलला इचारायचं."